तिसऱ्या मजल्यावरची पाहुणी

यादीत एकतीस नावं होती, आणि त्यातलं एकही यंत्राचं वाटत नव्हतं. थोरली आत्या, जावई, सासू, भाचा, धाकला दीर. सुगतनं लॅपटॉप राजेश्रीकडं वळवला आणि मान खाजवत म्हणाला, "वहिनी, ही बिल्डिंगची यादी हाय का लग्नात आहेर करायची?"

राजेश्रीला हसू आलं, आणि आल्याबरोबर तिनं पदर तोंडावर घेतला. नवरा जाऊन पुरते तीन महिने झाले नव्हते. मांडीवरची सानू पदराचं टोक ओढून आईचं तोंड शोधायला लागली.

तिचा नवरा महारुद्र गिराम हा परभणीतल्या त्या चार मजली संकुलाचा वायरमन. तळाला कापडाची दुकानं, पहिल्या मजल्यावर दवाखाना, दुसऱ्यावर मुलांचे क्लास, तिसऱ्यावर एक पतसंस्था आणि बाकीच्या रिकाम्या खोल्या. दोन वर्षांपूर्वी तो मालकाच्या, बन्सीधरशेठच्या, मागं लागला आणि मोबाईलवरचे व्हिडिओ बघून बघून सगळी इमारत त्यानं इंटरनेटला जोडली. काडेपेटीएवढे सेन्सर भिंतीभिंतीवर बसवले. माणूस आला की दिवा लागायचा, गेला की विझायचा. टाकी भरली की मोटर आपली आपण थांबायची. विजेचं बिल जसं उतरलं तसा शेठचा आवाजही उतरला. नावं मात्र महारुद्रनं स्वतःच्या मनानं ठेवली. कोड नंबर डोक्यात राहत नाहीत, नातेवाईक राहतात, असं त्याचं म्हणणं. रोज जेवताना तो राजेश्रीला या नातेवाइकांच्या तक्रारी सांगायचा, आणि तीही शेजारणीची खबर ऐकावी तशी ऐकायची.

मग जानेवारीत गंगाखेडहून येताना, दिवेलागणीला, रस्त्यात उभी असलेली उसाची ट्रॉली त्याला दिसली नाही.

आता शेठनं संभाजीनगरच्या एका कंपनीला काम दिलं होतं. सुगत तिचा इंजिनियर, मूळचा सोनपेठकडचा. जुना प्रत्येक नियम तपासायचा, कारण लिहायचं आणि नव्या यंत्रणेत घ्यायचा. ज्याचं कारण सापडणार नाही तो लाल रकान्यात, सदोष म्हणून. त्या कागदाच्या डोक्यावर छापलेलं होतं: मूळ जोडणी, महारुद्र गिराम. राजेश्रीनं ते वाचलं आणि मनाशी ठरवून टाकलं, यांच्या नावाखाली लाल रकान्यात एक ओळ जाऊ द्यायची नाही. एवढ्यासाठीच तर ती लेकराला काखोटीला मारून पोखर्णी गावाहून शेठच्या हापिसात आली होती.

"थोरली आत्या म्हंजे पाण्याची मोटर," ती सांगायला लागली. "कुरकुर करत उठती. एकदा बसली की लगेच पुन्ना उठवायचं न्हाई, न्हाईतर रुसती. पंधरा मिनिटं जाऊ द्यायची."

सुगतनं दोन-चार बटणं दाबली. "खरंच की, पंधरा मिनिटं टाकलीत. अन् हे जावई?"

"दवाखान्याचा एसी. त्याची सोय सगळ्यांच्या आधी. डॉक्टर यायच्या अर्धा घंटा आधी खोली गार पायजे."

"भाचा?"

"टाकीवरचं सेन्सर. पाणी किती हाय, कुणी सांडलं, सगळ्या चुगल्या करतंय."

"आणि सासू?"

राजेश्रीनं आधी दाराकडं बघितलं. "जिन्यातला दिवा. जरा पाऊल वाजलं की जागी." मग हळूच म्हणाली, "आमच्या सासूबाईंना सांगू नका बरं का. त्यांचंच पोरगं असलं तरी सोडायच्या न्हाईत त्याला."

शेजारच्या खुर्चीतून शेठ खळखळून हसले. सुगतनंही हसत हसत एकामागून एक नाती उतरवून घेतली. बारा वाजले, साडेबारा होऊन गेले. तीस नावं सुटली, लाल रकाना कोरा होता. आणि शेवटचं नाव आलं: पाहुणी.

राजेश्रीनं हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं.

"तिसरा मजला, तीनशे चार," सुगत वाचायला लागला. "दुपारी एकला सुरू, एक चाळीसला बंद. पंखा दोनवर, दिवा मंद. आणि हालचाल दिसली न्हाई तरी बंद करू नको, असं मुद्दाम लिहिलंय. रोज. रविवारी बी." त्यानं शेठकडं बघितलं. "तिथं कोण बसतं?"

"कोणी न्हाई. अडगळीची खोली हाय ती," शेठ म्हणाले.

"म्हंजे रिकाम्या खोलीत वर्षभर पंखा फिरायलाय." सुगतचा आवाज अवघडला. "वहिनी, असंच बंद करायला आमाला बोलवलंय. कारण न्हाई सापडलं तर मला लालमधीच टाकावं लागंल."

"टाका, टाका," शेठ मऊ आवाजात म्हणाले. "बिचाऱ्याकडून राहून गेलं असंल. एका चुकीनं कुणी त्याला नाव ठेवणार न्हाई."

"जरा थांबा," राजेश्री म्हणाली. पण थांबून काय सांगायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं.

दाराशी फरशी पुसणाऱ्या सरजाबाईचा हात केव्हाचा थांबला होता. या इमारतीत सगळ्यांत जुनी तीच. तिनं फडकं बादलीत पिळलं आणि म्हणाली, "चूक कशाची? मी बघितलंय की त्याला. आठ दिवस रोज एकला त्या खोलीत चटई टाकून पडायचा. हात न्हाई हलवायचा, पाय न्हाई. मी म्हणलं, काय रे, मेल्यावानी..." तिनं जीभ चावली. मग खालच्या आवाजात पुढं बोलली. "तर म्हणला, मावशी, न हलता किती येळ दिवा राहतोय ते बघायलोय. लेकराच्या अंगावर पंख्याचा झोत येतोय का ते बी बघायलोय. मी म्हणलं, कुणासाठी बाबा एवढं? म्हणला, पाहुणी येणार हाय."

राजेश्रीला एकदम आठवलं.

गेल्या वर्षीचा एप्रिल. सानू दोन महिन्यांची, इंजेक्शन टोचून घ्यायला इथल्याच दवाखान्यात आणलेली. टोचल्यावर पोरीनं आकांत मांडला, तेव्हा महारुद्रनं तीनशे चार उघडून दिली होती. कसंबसं लेकरू प्यायला लागलं, डोळे मिटले. ते उठू नये म्हणून ती दगडासारखी बसून राहिली. आणि दहा मिनिटांत दिवा गेला, पंखा गेला. खोलीला खिडकी नाही, बाहेर वैशाख पेटलेला. सानू दचकून किंचाळली. राजेश्री तशीच, घामानं निथळत, तीन जिने उतरली आणि कापडदुकानातल्या चार माणसांदेखत नवऱ्याला म्हणाली, "अख्ख्या बिल्डिंगमधी कोण कुठं हाय ते तुमच्या मशीनला कळतंय. बायकू अन् लेकरू तेवढं दिसंना त्याला."

लोक हसले. महारुद्रही हसला, पण त्याचे कान लाल झालेले तिनं बघितले होते.

पंधरा दिवसांनी तो जेवताना म्हणाला, "आता न्हाई बंद होत. ये एकदा. सोबत डबा खाऊ."

"आता कोण येतंय," ती म्हणाली होती.

तो पुन्हा म्हणाला, बाजाराच्या दिवशी. पुन्हा म्हणाला, पुढच्या इंजेक्शनच्या वेळी. ते इंजेक्शन तिनं हट्टानं गावातच टोचून घेतलं. काही मोठा राग नव्हता. धुणं होतं, लेकरू होतं, आणि नवरा आर्जव करतोय तर करू द्यावं थोडं, असंही होतं. मग त्यानं म्हणायचं सोडलं. नियम मात्र त्यानं काढला नाही, किंवा त्याच्यानं काढवला नाही.

"किती वाजले?" तिनं विचारलं.

"एकला दहा कमी," सुगत म्हणाला.

तिनं सानूला उचललं. कोणी अडवलं नाही.

तीनशे चारमध्ये अंधार होता. कापडाच्या ताग्यांच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळ्या एका कोपऱ्यात लोटलेल्या, भिंतीला गुंडाळून उभी केलेली चटई. दारातून आत पाऊल टाकताच दिवा लागायला हवा होता, पण या खोलीचं वेळापत्रक वेगळं. ती चटई अंथरून अंधारातच बसली. एक वाजला तसा पंखा हलक्या हातानं फिरायला लागला आणि पिवळसर उजेड पडला. डोळ्यांवर न येणारा, निजत्या लेकरापुरता.

पण सानू आता चौदा महिन्यांची होती. ती थोडीच आता मांडीवर निपचित पडणार. ती नळ्यांकडं दुडदुडली, एक ओढली, पडली, उठली, हसली. एवढ्या हालचालीला कुठलाही दिवा जळत राहिला असता. ज्या लेकरासाठी तो आठ दिवस श्वास धरून पडला होता, ते लेकरू मोठं होऊन गेलं होतं. राजेश्रीनं तिला हाक मारून जवळ घेतलं, पदराखाली घेतलं. पोरगी थकून प्यायला लागली आणि हळूहळू जड झाली.

मग राजेश्री हलली नाही. पाठीत कळ आली तरी हलली नाही. गालावरून पाणी हनुवटीपर्यंत आलं, तेही पुसलं नाही. दिवा तसाच राहिला. पंखा तसाच राहिला. झोत खरंच लेकराच्या अंगावर येत नव्हता. चार बोटं पलीकडून जात होता.

चाळीस मिनिटं व्हायच्या आतच ती उठली. तो दिवा विझताना तिला बघायचा नव्हता.

खाली सुगत वाट बघत बसला होता. ती समोर उभी राहून म्हणाली, "लिवा. अंगावर पिणाऱ्या लेकराच्या आईसाठी. न हलता बसलेलं माणूस मशीनला दिसत न्हाई, म्हणून."

सुगतनं लिहिलं. लिहून झाल्यावर पडद्याकडंच बघत म्हणाला, "लय बरोबर हाय हे. आमच्या यंत्रणेत बी ही अडचण हाय." मग मान वर करून, "पुढं चालू ठेवू का वहिनी? कारण हाय आता."

शेठ खाकरले. "ती खोली सोमवारपासून क्लासला दिली गं पोरी. मधली भिंत पाडायची हाय."

राजेश्रीनं मान हलवली. "मग काढा. माझ्यासमोर काढा."

सुगतनं नुसता लॅपटॉप तिच्याकडं सरकवला. झोपलेल्या सानूला खांद्यावर सावरत तिनं एका बोटानं बटण दाबलं. पाहुणी यादीतून गेली. लाल रकाना कोरा राहिला. शेठ म्हणाले, "चोख निघालं बघ त्याचं काम." ती हो म्हणाली.

जिन्याशी सरजाबाई भेटली. "बसलीस का गं?"

"बसले."

"राहिला का दिवा?"

"राहिला मावशी. एकदा बी गेला न्हाई."

"मग झालं की. रडू नगं."

"त्यांना सांगायला पायजे होतं," राजेश्री म्हणाली, आणि लेकराचं डोकं उन्हात झाकून गाडीकडं चालायला लागली.