कांडी, विहीर आणि खरेदी साहेब

कोठाराच्या आवारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रकचालक, हमाल, दवाखान्यातल्या दोन नर्स, शेजारच्या गॅरेजातले मेकॅनिक, सगळे कोंडाळं करून उभे. मधोमध सहा झाकलेल्या बादल्या. आणि बादल्यांसमोर, हातात काळी मूठ आणि मुठीवर बसवलेली हातभर चकचकीत कांडी घेऊन, खुद्द खरेदी साहेब.

"लपवाछपवी नाही, हातचलाखी नाही! ही कांडी लपलेली घाण शोधते, तुमच्या डोळ्यांदेखत!" कांड्या विकायला आलेला एजंट ओरडत होता. गटाराचं पाणी त्यानं सगळ्यांसमोर भरलं होतं आणि सगळ्यांसमोरच बादली ओळीत ठेवली होती. "साहेब, मन शांत करा. चला पुढे."

साहेब निघाले. पहिली बादली, कांडी सरळ. दुसरी, सरळ. तिसरीपाशी आले आणि कुणी बोट धरून ओढावं तशी कांडी अलगद डावीकडे वळली. एजंटानं झाकण उचललं. भपकन वास आला.

"अरे बाप रे!" एक हमाल दोन पावलं मागे सरला. टाळ्या वाजल्या. साहेबांनी कांडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि खरं सांगायचं तर कांडीपेक्षा हाताकडेच जरा जास्त वेळ पाहिलं.

आता हे साहेब कोण? परदेशी मदतीतून चालणाऱ्या आरोग्य कार्यक्रमांसाठी औषधं सोडून बाकी सगळं विकत घेणारा माणूस. मच्छरदाण्या, हातमोजे, स्ट्रेचर, साबण, पाणी तपासायच्या बाटल्या. सतरा वर्षांची नोकरी, आणि तीत एकाही विक्रेत्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही ही ख्याती. हातमोजे आले की पाणी भरून टांगायचे, स्ट्रेचर आलं की ऑफिसातल्या सगळ्यात वजनदार माणसाला वर झोपवायचे. लोक पाठीमागे त्यांना 'संशयात्मा' म्हणत, आणि ते कानावर आलं की साहेबांची छाती इंचभर फुगे. थोरल्या बहिणीनं कुठल्याशा बुवाकडून मंतरलेलं पाणी आणलं, तेव्हा साहेबांनी तिला दोन तास झापलं होतं. "अक्का, तुझ्यासारख्या शिकलेल्या बाईनं असं करावं?"

असा माणूस गळाला लागला कसा? एजंट हुशार. त्यानं आधी कांडी स्वतःच्या हातात धरली; हलली नाही. ट्रकचालकाला दिली, हलली नाही. मग साहेबांच्या हातात देऊन म्हणाला, "साहेब, हे कुणालाही जमत नाही. अंगात विशिष्ट स्थिर विद्युत लागते, शिवाय बुद्धी तल्लख लागते. आणि एक लक्षात ठेवा, यंत्राला शंका चालत नाही. शंका आली की लहरी तुटतात." वर सात शिक्क्यांचं प्रमाणपत्र. ज्या माणसानं जन्मभर शंकेवर पोट भरलं, त्याला कुणी 'शंका सोडा' म्हणालं, आणि त्यानं ती सोडली, कारण त्याआधी त्याला कुणी 'बुद्धी तल्लख' म्हटलं होतं! खुशामतीचं ब्लेड चांगलं असलं की हजामत कळतही नाही.

दोन आठवड्यांत साहेबांचं नाव झालं. दवाखान्यातले लोक हातमोज्यांचे खोके घेऊन येऊ लागले, "साहेब, जरा फिरवा ना कांडी." कुणी हरवलेली किल्ली विचारी. घरी बायकोचा चष्मा सापडेना, तेव्हा साहेबांनी कांडी फिरवली. ती थेट फ्रिजकडे वळली आणि चष्मा फ्रिजवरच निघाला.

"पाहिलंस?"

"अहो, काल तुम्हीच उचलून ठेवलात तिथे," बायको म्हणाली आणि चष्मा लावून निघून गेली. साहेबांनी ते मनावर घेतलं नाही. घर की मुर्गी म्हणतात ती अशी.

पण गंमत इथेच संपती तर बरं होतं. गावाबाहेर घरदार सोडून आलेल्या लोकांची नवी वसाहत होती, तीत विहिरी होत्या. पाणी तपासायच्या बाटल्यांची नवी ऑर्डर साहेबांनी थांबवली. त्या बाटलीत पाणी भरून दिवस-दीड दिवस ठेवावं लागे. मैला मिसळलेला असला की पाणी काळं पडे. "दीड दिवस कोण थांबतं? कांडी दोन मिनिटांत सांगते," म्हणून त्यांनी तीनशे कांड्यांची शिफारस टाइप केली आणि विहिरी स्वतः फिरून तपासल्या. चौथ्या विहिरीचं पाणी आरशासारखं नितळ. साहेबांनी वाकून पाहिलं, कांडी सरळ राहिली. "प्या बिनधास्त!" लोकांनी हात जोडले. साहेबांनीही नको नको म्हणत जोडू दिले.

आठवड्यानं कोठार सांभाळणाऱ्या ताई त्यांच्या टेबलापाशी आल्या. मितभाषी बाई, बावीस वर्षं खोकी मोजलेली. त्यांनी एक बाटली ठेवली. आतलं पाणी काजळासारखं काळं.

"चार नंबरची विहीर. जुन्या साठ्यातल्या दोन बाटल्या उरल्या होत्या, भरून ठेवल्या. दोन्ही काळ्या. आणि वसाहतीतली अकरा मुलं जुलाबानं दवाखान्यात आहेत, साहेब."

साहेबांनी बाटली उचलून उजेडात धरली. पण तोंडातून काय निघालं? "बाटल्या जुन्या आहेत. खराब झाल्या असतील."

"असतील. मग कांडीच तपासू या. बादल्यांसारखीच, पण झाकून."

"त्या दिवशीही झाकलेल्याच होत्या की!"

"तिसऱ्या बादलीत घाण आहे हे मला ठाऊक होतं, साहेब. कांडी हातात नसताना."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. साहेब ताडकन उठले. "आणा बरण्या!"

ताईंनी बारा सारख्या बरण्या घेतल्या. सहांत गटाराचं पाणी, सहांत नळाचं. बंद खोलीत, एकटीनं भरल्या, घट्ट झाकणं लावली, प्रत्येकीवर कागदी पिशवी चढवून नंबर घातले आणि यादी पाकिटात बंद करून नर्सकडे दिली. साहेब आत आले तेव्हा ताई बाहेर निघाल्या.

"तुम्ही का जाता?"

"माझ्या तोंडाकडे बघून कळलं तर?"

साहेबांनी कांडी फिरवली. ऐटीत फिरवली. एक, चार, पाच, आठ, नऊ, बारा. पाकीट फुटलं. सहापैकी तीनच घाणीच्या. नाणं उडवलं असतं तरी इतपत जमलंच असतं.

"आज ढग आहेत," साहेब म्हणाले. "शिवाय सगळ्यांचे मोबाइल चालू आहेत. आणि या खोलीत शंका फार..."

वाक्य अर्धंच राहिलं. हे शब्द त्यांनी ऐकले होते. अक्काच्या बुवाचं पाणी लागू पडलं नव्हतं, तेव्हा बुवा म्हणाला होता, "घरात अविश्वासी माणूस आहे." तो अविश्वासी माणूस म्हणजे हेच साहेब, आणि आता तेच वाक्य त्यांच्याच मुखातून, त्याच सुरात! कानशिलं तापली. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर मागवला.

मूठ उघडली. आत काही नव्हतं. तार नाही, सेल नाही, चक्ती नाही; पोकळ प्लॅस्टिक आणि खुळखुळत्या खिळीवर बसवलेली कांडी. खिळी इतकी सैल की मनगट केसभर कलंडलं तरी कांडी उताराकडे वळणार. आणि मनगट कधी कलंडतं? मनाला 'इथे आहे' असं वाटलं की. आपल्याला कळतही नाही, हात आपला आपण कलतो. कांडीला पाण्यातलं काही कळत नव्हतं. तिला फक्त साहेबांच्या मनातलं कळत होतं.

एजंटाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मी कुठे चालवली? माझ्या हातात तर ती हललीही नव्हती. चालवलीत तुम्ही." आणि फोन ठेवला. त्या दिवसांत तो खरं बोलला असा हा बहुधा एकच क्षण असावा.

साहेबांनी शिफारस फाडली, बाटल्यांची तातडीची ऑर्डर काढली, जोडीला पाणी शुद्ध करायच्या गोळ्या मागवल्या, दवाखान्यातून दोन कोऱ्या बाटल्या उसन्या घेतल्या आणि ताईंना घेऊन वसाहत गाठली. चार नंबरच्या विहिरीवर बायका पाणी शेंदत होत्या.

"थांबा! हे पाणी पिऊ नका. माझं चुकलं."

"असं कसं चुकेल?" एक आजी म्हणाल्या. "तुमच्या हाताला गुण आहे, साहेब."

दहा जणींनी माना डोलावल्या. साहेबांना वाटलं होतं लोक दगड मारतील. लोक तर श्रद्धेनं बघत होते, आणि ते दगडापेक्षा जड होतं. त्यांनी रुमालानं स्वतःचे डोळे बांधले. "मला गरागरा फिरवा. मग बघू, कांडी विहीर शोधते का."

पोरींनी त्यांना भोवऱ्यासारखं फिरवलं. साहेब तोल सावरत चार पावलं चालले. कांडी डोलली आणि ठामपणे एका दिशेला वळली.

"ही बघा विहीर!"

"मेल्या, ती मी आहे!" आजी ओरडल्या.

हशा उसळला. साहेबांनी रुमाल काढला. तेही हसले, मग हसू आवरून त्यांनी कांडी गुडघ्यावर मोडली आणि तिची पोकळ मूठ हातोहात फिरवली.

"म्हणजे आता या बाटलीवर विश्वास ठेवायचा?" ताईंच्या हातातल्या बाटलीकडे बघत आजींनी विचारलं.

"नाही, आजी. तुम्हीच दोन भरा. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत खळखळ उकळून गार केलेलं. कुठली कोणती ते फक्त तुम्हाला ठाऊक असू दे. मला सांगू नका."

दीड दिवसानं एक बाटली काळी पडली, दुसरी नाही. साहेबांनी बोट दाखवलं, "ही विहिरीची." आजींनी होकारार्थी मान डोलावली, आणि मग कुणी न सांगता त्यांनी स्वतःच विहिरीचा दोर सोडवून काखेत मारला. अकराही मुलं बरी होऊन घरी आली. साहेब रोज दवाखान्यात जात, तोंड लपवायला जागा न मिळाल्यासारखे दाराशी उभे राहत.

पुढे नव्या भरतीच्या लोकांना खरेदी शिकवताना ते हीच गोष्ट सांगत, स्वतःचं नाव न वगळता. "मला फसवायला एजंट पुरला नसता रे. मीच मदतीला धावलो. तुम्ही शिकलेले आहात म्हणून सुटाल असं समजू नका. चमत्कार दाखवणाऱ्याशी भांडू नका, त्याच्या पायाही पडू नका. फक्त उत्तर झाका आणि म्हणा, आता दाखव. दहा मिनिटांचं काम आहे. मी ते तीन आठवडे टाळलं, आणि त्याची किंमत अकरा घरच्या लेकरांनी मोजली."