माझा आवाज पुढे गेला

माझा आवाज पहिल्यांदा भांड्यांच्या मांडणीतून आला तेव्हा मी चपात्या लाटत होते. माझी मुलगी रेवू समोर पाटावर बसली होती. मी म्हटलं, "दूध संपव." ओठ माझे हलले, पण शब्द मांडणीवरच्या पितळी डब्यांमागून आले. रेवूने मांडणीकडे मान वळवली आणि म्हणाली, "संपवते." चार वर्षांची पोरं अशा गोष्टींचा बाऊ करत नाहीत. मीही केला नाही. तव्यावरची चपाती करपायला आली होती.

पण त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. स्वयंपाकघर, पडवी, न्हाणी, पुन्हा स्वयंपाकघर. पाय थांबले की छातीत धडधड सुरू व्हायची.

माझ्या सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. त्यांना मी सांगितलं, "आत्या, मला झोप लागत नाही. छातीत सारखे माग चालल्यासारखं होतंय." आमची गल्ली इचलकरंजीतली, दोन्ही बाजूंना यंत्रमाग, धडधडीला आम्ही दुसरं काय म्हणणार? वाक्य मांडणीतून आलं. आत्यांनी तांदळाचं ताट खाली ठेवून मांडणीला हात जोडले.

"माग न्हवं ते, वैजू. देवीचं चौंडकं वाजतंय. आई आलीया घरात."

त्या असं म्हणाल्या आणि आवाज मांडणीतून उठून देवघरात जाऊन बसला. तो गेलेला मला कळला. दाढ काढल्यावर जीभ रिकाम्या जागी जाते, तसं झालं.

मंगळवारी बायका आल्या. मला पाटावर बसवून कपाळभर मळवट भरला. एकीने विचारलं, पोराचं लग्न कधी जमंल? मी म्हटलं, "मावशी, मला काय माहीत? मला झोप पाहिजे." देवघरातून ते एखाद्या म्हाताऱ्या, करारी बाईच्या ठसक्यात आलं. बायकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या गेल्यावर आत्यांनी माझे पाय चेपले. लग्न होऊन आल्यापासून या घरात माझे पाय कुणी चेपले नव्हते. मला बरं वाटलं. थोडी झोपही लागली.

रेवू मात्र आता देवघरातच जेवायची. मी तिला जवळ बोलावलं की ती माझ्याकडे पाठ करून देवघराकडे पळायची.

"मागांच्या गल्लीत राहतो आपण," माझे यजमान धैर्यशील म्हणाले. "सगळ्यांनाच धडधडतं." आणि मागावर निघून गेले.

शेवटी माझा भाऊ संपतदादा मला कोल्हापूरला डॉक्टरांकडे घेऊन गेला. आवाज बसमध्ये आमच्या मागच्या सीटवर होता. दवाखान्यात तो बंद कपाटातून येऊ लागला. डॉक्टर नेर्लेकर मॅडम शांत बाई. त्यांनी खुर्ची कपाटाकडे वळवली.

"मागांचा आवाज ऐकू येतो तुम्हाला?"

"ऐकू येत नाही. छातीत होतं."

"आजूबाजूला माग नसतानाही?"

"छातीत माग कसे असतील, मॅडम?"

त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं. "हा आवाज तुमच्याविषयी बोलतो का? म्हणजे, ती उठली, ती बसली, असं?"

"नाही. मी बोलते तेच बोलतो."

"बरं. तसं काही झालं तर लगेच सांगा."

बाहेर येऊन मी चपला घातल्या. मागून, पायरीवरून, माझाच आवाज म्हणाला, "तिनं चपला घातल्या."

"मॅडमनी बरोबर ओळखलं बघ!" दादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. तो धावत आत गेला आणि आजाराचं नाव आणि गोळ्या घेऊन आला. नाव लांबलचक होतं. परतीच्या बसमध्ये तो ते पाठ करत होता, आणि तो ते म्हणेल तसा आवाज एकेक सीट पुढे सरकत होता. हातकणंगल्यापर्यंत तो ड्रायव्हरच्या शेजारी पोचला. "ती खिडकीला टेकली," तिथून तो म्हणाला. मी टेकले होते.

घरी पोचल्यावर पडवीत आत्या आणि दादाची जुंपली.

"आईला गोळ्या घालतोस व्हय रे, संपत?"

"आत्या, आजार आहे हा. आजार."

आत्या 'आई' म्हणाल्या की आवाज एक घर पुढे जायचा. दादा आजार म्हणाला की आणखी एक. मी मध्ये पडून म्हटलं, "मला कुणी विचाराल का?" ते गल्लीच्या तोंडाशी, पानपट्टीपाशी ऐकू आलं. तिथल्या माणसांनी इकडेतिकडे पाहिलं.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं जमलं. मी बोलायचं नाही. आत्यांनी त्याला मौन म्हटलं, दादाने विश्रांती. मी तीर्थाबरोबर गोळी गिळली. खोटं कशाला बोलू, दोन्हींनी थोडा आराम पडला. छातीतले निम्मे माग बंद झाले. आवाज मात्र माघारी आला नाही. मी गप्प राहिले, तर तो आपलं आपण जास्तच बोलू लागला.

आज सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. लांबून, तागे भरलेले ट्रक जातात त्या मोठ्या रस्त्याकडून, तो म्हणाला, "ती रेवूला शोधते आहे."

मी शोधत नव्हते. मग मी मागे वळून पाहिलं. उंबऱ्यापाशी रेवूच्या चपला नव्हत्या.

मी गल्लीत धावले. माग धडाडत होते. दारात उभ्या माणसांना मी हातवारे केले, तर त्यांनी मला नमस्कार केला. रेवू पानपट्टी ओलांडून गेली होती. निळा फ्रॉक, उघडे केस. रस्त्याच्या कडेला ती थांबली आणि मान कलती करून ऐकू लागली. समोरून ट्रकमागून ट्रक जात होते. मी एकदा हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. रस्त्याच्या पलीकडून.

"ती आता हाक मारणार आहे," पलीकडून माझा आवाज म्हणाला.

रेवूने पाऊल उचललं. मी दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धावत होते.