उपरण्याखालचा हात

उपरण्याखाली काकासाहेबाने बोटं दाबली आणि धुळाजीचा हात पेटला. तळव्यात वारूळ फुटल्यासारख्या मुंग्या उठल्या, आग मनगटापर्यंत चढली. त्या आगीत बोटं तीन दाबली की चार, काही कळेना.

मंठ्याच्या बैलबाजारातला रिवाज जुना होता. घेणाऱ्याने दलालाचा हात उपरण्याखाली धरायचा आणि दहा हजारांच्या वर जितके हजार द्यायचे, तितकी बोटं दाबायची. तोंडाने बोलायचं नाही, खाली बघायचं नाही. खाली बघणाऱ्या दलालाला बाजारात कुत्रं विचारत नसे. धुळाजी मिसरूड फुटल्यापासून याच हातावर जगला होता.

"बोला, धुळाजीराव," वाटूरचा काकासाहेब म्हणाला. "ऊन चढून राह्यलं."

पलीकडे कचरू आपल्या बैलजोडीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. सकाळीच त्याने बजावलं होतं, "मामा, चारच्या खाली बिलकुल सोडू नका."

"झालं," धुळाजी म्हणाला आणि त्याने उपरणं झटकलं.

बैलांच्या कपाळावर गुलाल लागला. काकासाहेबाने नोटा कचरूच्या हातात ठेवल्या. कचरूने त्या मोजल्या आणि आणखी एक हजार येतील म्हणून हात तसाच पुढे धरला. मग तो धुळाजीकडे वळला.

"मामा, तीनवर दिले?"

"दिले." लागलेला गुलाल कोणी पुसत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मी काय सांगितलं व्हतं तुम्हाला?"

"बैलाचे दात बघ, मंग बोल."

"वाटूरकराकून किती खाल्ले, ते बोला."

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. धुळाजीने जबडा आवळला. चोर म्हणतो तर म्हणू दे. चोराच्या हातात लोक पुन्हा हात देतात. मेलेल्या हातात कोण देणार?

दुपारी घरी पोचला तेव्हा सखूबाई दारातच होती. तिने त्याच्या पायांकडे बघितलं.

"एक चप्पल कुठंय?"

त्यानेही बघितलं. डाव्या पायात नुसता मोजा होता, त्यात बाभळीचा काटा मोडलेला, आणि मोजा रक्ताने चिकटला होता. एसटीतून उतरल्यापासून तो तसाच चालत आला होता. सखूबाईने काटा ओढला, तेव्हा त्याला कळलं नाही. ओलं फडकं लावलं, तेव्हा मात्र तो ओरडला आणि त्याने तांब्या लाथाडला.

मागच्या वर्षी मानेतल्या गाठींसाठी औरंगाबादला औषधाच्या बाटल्या चढवल्या होत्या. गाठी विरघळल्या, पण हातापायांच्या नसा पोळल्या. येतील हळूहळू, डॉक्टर म्हणाला. कधी, ते सांगता येत नाही म्हणाला. रात्री पायांवर चादर सोसत नव्हती, हंड्यातलं गार पाणी चावत होतं. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण, जीव वाचला हे काय कमी हाय, हे वाक्य नारळासारखं त्याच्यापुढे फोडून जात होता. जांबच्या देवळात जाऊन या, देवाचे उपकार माना. उपकार मानून मानून त्याचे दात झिजले होते.

"कचरू येऊन गेला," सखूबाई फडकं पिळत म्हणाली. "लई बोलला."

"बोलू दे."

"तुम्ही खाल्ले न्हाईत."

"तुला काय म्हाईत?"

"तुमच्या सदऱ्याच्या गुंड्या रोज मी लावते. मला न्हाई तर कोणाला म्हाईत?"

त्याने खांद्यावरचं उपरणं तिच्यापुढे आपटलं. "धर मंग. धर बोटं. दाखवतो तुला."

तिने हात पदराला पुसला. जिल्ह्यातल्या कुठल्या कुठल्या माणसांनी धुळाजीचा हात धरला होता. दिवसाउजेडी तिने कधी धरला नव्हता. उपरणं दोघांच्या हातांवर पसरलं.

"किती?"

"दोन."

"तीन व्हती."

"पुन्हा धर."

"आता?"

"पाच. सगळा पंजा."

"एकच बोट हाय."

त्याने डॉक्टरला शिव्या घातल्या, दवाखान्याला घातल्या, कचरूच्या मेलेल्या बापालाही घातल्या. "घट्ट धर की. लेकराच्या अंगाला तेल लावल्यावानी काय करून राह्यली? धर घट्ट."

सखूबाईने त्याच्या तोंडाकडे बघितलं. कपाळावर घाम डवरला होता, ओठ दातांखाली होता.

धुळाजीने डोळे मिटले. हळूहळू बोटांवर दाब आला. आला, तो चढत गेला. करंगळी सोडून चारही बोटं कोणीतरी मुठीत धरली होती, शंकाच नव्हती.

"चार," तो म्हणाला. "बराबर चार. आता चुकलो न्हाई."

त्याने डोळे उघडले.

"बोल की. चार ना?"

त्याने उपरणं ओढलं. खाली चटईवर त्याचा एकट्याचा हात होता. सखूबाईचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

"तुमचं तोंड बघवंना," ती म्हणाली. "म्हणून काढून घेतला व्हता."

तो आपल्या हाताकडे बघत राहिला. हात अजून जळत होता, अजूनही कोणीतरी धरल्यासारखा. शिवी ओठांपर्यंत आली, पण ती कोणाच्या नावाने द्यावी ते सुचेना.

सखूबाईने हात पुढे केला आणि उघड्यावरच त्याची बोटं धरली, पाखराला धरावं तितकी हलकी.

"किती?"

"तीन. पण हे बघून सांगितलं."

"मंग बघूनच सांगत जा."

"बाजार हसंल."

"आज काय पूजा केली बाजारानं?"

धुळाजीने हात सोडवून घेतला. मग खांबाला धरून उठला. उपरणं चटईवरच पडून होतं. ते उचलायला सखूबाई वाकली, तर त्याने मान हलवली.

"राहू दे तिथंच."

"कुठं निघाला?"

"कचरूकडं."

तिने लेकाच्या, त्रिंबकच्या चपला आणून त्याच्यासमोर ठेवल्या. त्याने एक पाय घातला, दुसरा घातला, दोन्ही आत गेलेत की नाही ते डोळ्यांनी तपासलं. मग भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत, खाली बघत तो चालायला लागला.