माझ्यापुढे आभार, किटलीपुढे गोष्टी

मी वस्तीच्या सभागृहातला माईक बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच बोलणं मोठं केलं, आज स्वतःचं सांगतो. आधीच कबूल करतो, त्या चहाच्या किटलीचा मला भयंकर हेवा वाटतो.

मी आलो तेव्हा अध्यक्षकाकांनी स्वतःच्या रुमालाने पुसून मला स्टँडवर बसवलं होतं. माझा केवढा मान! किटली दोन वर्षांनी आली. अंगावर पोचे, झाकण दोऱ्याने बांधलेलं. पण कानामागून आली आणि तिखट झाली.

आमच्या सभेचा नियम असा, की बोलणाऱ्याने आधी सगळ्या मान्यवरांचे नावानिशी आभार मानायचे, मग मुद्दा. वेळ तीन मिनिटं आणि मान्यवर अकरा! मुद्द्याचं तोंड मी क्वचितच पाहिलं.

नाल्यावरच्या पुलाची सभा होती. नकाशात पूल बाजाराच्या टोकाला दाखवला होता, आणि वस्तीला तो दवाखान्यासमोर हवा होता. त्या दिवशी कुणी बोललं नाही, तर काम बाजारापाशीच सुरू होणार होतं. शिवणकाम करणारी वहिनी माझ्यापुढे आली. मी मनात म्हटलं, बोल बाई, मी आहे. तिने आभार सुरू केले आणि नवव्या मान्यवरापाशी घंटा वाजली.

"एवढं बोलून माझे दोन शब्द संपवते," म्हणून ती खाली उतरली.

मग चहा झाला. किटली हातात घेऊन कप भरता भरता हीच वहिनी शेजारणीला म्हणते, "अगं, काय सांगू! परवा सासऱ्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचललं, बाजाराला वळसा घालून नेलं. दवाखाना नाल्यापलीकडे समोर दिसतोय, पण जायचं कसं? वाटेत म्हणतात, 'सूनबाई, ठेवा मला इथेच, पोरं दमली.'"

ती हसली आणि पदराने डोळे पुसले. पुलाचे इंजिनिअर साहेब कप धरून मागेच उभे होते. "कुठून वळसा घालता? दाखवा बरं."

किटलीशेजारी नकाशा पसरला. पाच-सहा बायकांची बोटं त्यावर फिरली, आणि साहेबांनी पूल खोडून दवाखान्यासमोर काढला. मी दहा पावलांवर, बटण बंद. माझा नुसता तिळपापड झाला. असं काय आहे त्या किटलीत? ना तार, ना आवाज. पण तिच्यापुढे कुणी घसा खाकरत नाही, हे मात्र खरं.

आता सभा चहाभोवतीच बसते आणि मी कपाटात असतो. पुलाच्या उद्घाटनाला तेवढं मला बाहेर काढलं. सासरे काठी टेकत, पूल ओलांडून, स्वतःच्या पायांनी आले. अध्यक्षकाकांनी मला त्यांच्या तोंडापाशी धरलं. मी कान टवकारले.

"हे बाजूला घ्या हो," ते म्हणाले. "मला सूनबाईशी बोलायचंय."

ते वहिनीकडे वाकले आणि हळूच काहीतरी म्हणाले. ती रडायलाच लागली. किटली तिच्या हातातच होती, म्हणजे किटलीने सगळं ऐकलं असणार.

मंडळी, आभार राहू द्या. मला एवढंच सांगा, म्हातारबाबा काय म्हणाले?