भिंतीचं सांगायचं राहिलं

आम्ही राज्य बदललं ते स्वस्ताईसाठी. तिकडे कर कमी, घरं स्वस्त, इथल्या दोन खोल्यांच्या पैशात तिकडे अख्खं घर येतं, हे आमच्या ह्यांनी इतक्यांदा ऐकवलं की शेवटी मी हात टेकले. हे सुतार. लाकूड सोडून दुसऱ्या कशाबद्दल ह्यांना एवढं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

घर खरंच मोठं निघालं, आणि त्यात माझे सासरे हरवले. बाबांना बरीच वर्षं दिसत नाही, पण जुन्या घरात त्यांचं कुणावाचून अडायचं नाही. भिंतीला हात लावत हिंडायचे, स्वतःचा चहा करायचे, वर माझ्या चहाला नावं ठेवायचे. इथे हात लांब केला की नुसती हवा. दोनदा पडले. मग खुर्चीतच बसून राहिले. पाणी हवं असलं तरी हाक मारायचे, तीही इतक्या ओशाळ्या आवाजात की मला रडू यायचं.

ह्यांनी काय करावं? दिवाणखान्यात प्लायवूड उभं करून जुन्या दोन खोल्या जशाच्या तशा बांधल्या. पलंग तिथेच, ओटा तिथेच. मोठ्या घरासाठी राज्य सोडलं आणि त्यात लहान घर बांधून बसलो! मी यथेच्छ तोंडसुख घेतलं. पण बाबांनी चाचपत जाऊन पहिला चहा केला, तेव्हा माझं तोंड आपोआप बंद झालं. हे तर दाराआड जाऊन डोळे पुसत होते.

जुन्या घरी पलंगामागच्या भिंतीपलीकडे घड्याळकाका राहायचे. घड्याळं दुरुस्त करायचे, एकटेच होते आणि ठार बहिरे. फोन त्यांच्या काही कामाचा नव्हता. एकाला दिसेना, दुसऱ्याला ऐकू येईना, म्हणून दोघांनी मधली भिंत धरली होती. सकाळी काका ठोकायचे, बाबा उलट ठोकायचे आणि काका भिंतीला तळवा लावून ते ओळखायचे. काकांनी ठोकलं नाही, तर त्यांची जादा किल्ली घेऊन मी धावायचं, असं ठरलेलं. एकदा अशीच धावले, तर काका तापाने फणफणलेले होते.

परवा सकाळी मी प्लायवूडच्या अलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होते. ठक ठक. पलीकडून बाबा ठोकत होते. न राहवून मीही ठोकलं.

बाबा पलीकडून म्हणाले, "सूनबाई, तू नको गं."

मी आत गेले. बाबा पलंगावर बसले होते.

"मी आपलं सवयीने ठोकलं. मग मनात आलं, तिकडे त्याला कोण उत्तर देत असेल? नव्या लोकांना भिंतीचं सांगितलंत ना?"

ह्यांनी त्यांना नळ, मीटर, कुलपं, सगळं समजावलं होतं. भिंतीचं राहिलंच. बाबांनी बंडीच्या खिशातून काकांची किल्ली काढली. "आणि ही बघ. सामानाच्या गडबडीत माझ्याकडेच राहिली."

मी बाहेर येऊन जुन्या घरी फोन लावला. नव्या बाई मोकळ्या स्वभावाच्या. "हो हो, सुरुवातीला रोज सकाळी कुणीतरी ठोकायचं. आम्हाला वाटलं, शेजारी काम चाललंय. आता बंद झालंय."

"शेजारचे काका बरे आहेत ना?"

"अहो, ते वारले की मागच्या महिन्यात. कळायलाच दोन-तीन दिवस लागले. दार तोडावं लागलं, बघा."

मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. आतून बाबांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

आत जाताना खरं सांगायचं असंच ठरवलं होतं. पण त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वर केली, आणि मला धीर झाला नाही.

"देतात म्हणे उत्तर. रोज."

"असं? माणसं चांगली मिळाली." त्यांचा सगळा चेहरा सैलावला. त्यांनी माझा हात शोधला आणि किल्ली तळव्यावर ठेवली. "मग ही त्यांना पाठवून दे. उत्तर देणाऱ्याकडेच हवी ती."

किल्ली त्यांच्या मुठीत गरम झाली होती. बाबा उठले आणि प्लायवूडला हात लावत ओट्याकडे निघाले.

"तुलाही टाकतो गं चहा," ते म्हणाले.