नाहूरमार्गे खुशाली

नीलाताईंच्या घरात वाईट बातमी फोनवर द्यायची पद्धत नाही. कणकवलीला आजोबा गेले तेव्हासुद्धा "जरा सीरियस आहेत, निघून या" एवढंच कळवलं होतं. त्यांचा मुलगा शौनक मुंबईत, नाहूरच्या दोन खोल्यांत हीच रीत बघत वाढला. युक्रेनला डॉक्टरी शिकायला गेला आणि युद्ध पेटलं तसा जीव मुठीत धरून परतला.

तिथली त्याची घरमालकीण वेरा आजी मात्र गावातच राहिली. गाव नदीच्या पलीकडे, रशियन सैन्याच्या ताब्यात. तिची मुलगी ओक्साना अलीकडे, युक्रेनच्या बाजूला. मध्ये फक्त एक नदी, पण एकमेकींना फोन करायची चोरी. नाक्यावर सैनिक आजीचा मोबाईल तपासायचे. भारतातला नंबर मात्र चालून जायचा. म्हणून आजी शौनकला सांगायची आणि शौनक ओक्सानाला. पाव मिळाला का, वीज किती तास होती, आज कुणाच्या घरात सैनिक राहायला आले.

सुरुवातीला पठ्ठ्या शब्दन् शब्द पोचवायचा. मग ओक्साना अर्धा-अर्धा तास रडायची आणि हा परीक्षेचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवून ऐकत बसायचा. हळूहळू त्याने वाईट तेवढं गाळायला सुरुवात केली. आपल्याकडे असंच करतात, अशी स्वतःची समजूतही घातली.

गेल्या महिन्यात आजी म्हणाली, "पाय सुजलेत. आडवं झालं की दम लागतो. ओक्सानाला सांग, मला आता इथून काढ." हृदय थकत चाललंय, हे डॉक्टरी शिकणाऱ्याला वेगळं सांगायला नको. तरी त्याने कळवलं, "आजी बरी आहे. थोडा खोकला."

चारच दिवसांनी ओक्सानाचा मेसेज आला. तिसऱ्या देशातून वळसा घालून माणसं बाहेर आणणाऱ्या गाडीत एक जागा होती. आईला हवी, की तिच्या शेजारणीला देऊ? शौनक तेव्हा आईबरोबर मुलुंडला भाजी घेत होता. पिशव्या सावरत त्याने लिहून टाकलं, "आजीला घाई नाही."

आज दुपारी आजीचा फोन आला. "शेजारीण गेली रे त्या गाडीतून. मी पिशवी भरून बसले होते. वाटलं, माझ्यासाठीच आलीय." तिने दम घेतला. "ओक्सानाला मी जड झाले असेन. तिला काही बोलू नकोस हं."

शौनकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसलो तर हे खपून जाईल, हेही त्याला कळत होतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

"कोण रे? बरी आहे ना म्हातारी?" आईने आतून विचारलं. तो फोन घेऊन दाराबाहेर आला.

"आजी, ओक्सानाला माहीतच नाही. मी सांगितलंच नाही तिला."

"का?"

"तिचं रडणं ऐकायचा कंटाळा आला होता."

पलीकडे आजीला धाप लागली.

"आता सांग," शेवटी आजी म्हणाली. "आणि ती रडली तर फोन ठेवू नकोस."