अठ्ठावन्नचा दट्ट्या

“पंधरा किलोचा दाब पडला की आतून टक् वाजतं,” कॉफीच्या सामानाच्या दुकानातला दाढीवाला म्हणाला आणि त्याने हातातला टॅम्पर काळ्या रबरी मॅटवर दाबून दाखवला. टक्. “म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही.”

“आणि नाही वाजलं तर?” काउंटरबाईंनी विचारलं.

“तर आणखी दाबायचं, मावशी.”

“असं होय! म्हणजे अक्कल त्या ठोकळ्याला आणि आपण नुसते हमाल.”

शेजारी उभ्या असलेल्या लेकाने घसा खाकरला. दुकानात पाय ठेवल्यापासून आईच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता.

टेबलावर नऊ टॅम्पर ओळीने मांडले होते. सगळ्यांचं काम एकच. गाळणीत भरलेली कॉफीची पूड वरून दाबून घट्ट बसवायची, म्हणजे मशीनचं पाणी तिच्यातून घाईघाईने पळून जात नाही. एवढ्याशा कामासाठी एकाला अक्रोडाची मूठ होती, एकाला निळी नक्षी होती, आणि एक तर मखमलीच्या पेटीत असा निजला होता की जणू त्याचं आज लग्न आहे. कोर्टाच्या ज्या कँटीनच्या काउंटरवर कॉफी करता करता बाईंना काउंटरबाई हे नाव पडलं, तिथे याला दट्ट्या म्हणत. दट्ट्या एकच होता, मूठ झिजून गुळगुळीत झालेला, आणि एकोणतीस वर्षांत तो एकदाही टक् वाजला नव्हता.

लेकाने दोन महिन्यांपूर्वी घरी मशीन आणलं. तेव्हापासून रोज सकाळी फोनवर कुणाचे तरी व्हिडिओ बघत तो कॉफी करायचा आणि रोज ती आंबट व्हायची. आधी त्याने दोष पाण्याला दिला, मग बियांना, मग हवेला. आता पाळी मशीनबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या दट्ट्याची होती. नाचता येईना अंगण वाकडं, असं काउंटरबाई मनात म्हणत, पण वर एक अक्षर काढत नसत. पलीकडे खुर्चीत बसून त्याच्या कोपराकडे बघत राहत. कोपर बाहेर जायचं, दाब तिरका पडायचा, पाणी एका बाजूने वाट काढायचं. एका वाक्यात सांगून होण्यासारखं होतं. पण त्याने विचारायला हवं होतं.

विचारलं नव्हतं, त्यालाही कारण होतं. शाळेच्या फॉर्मवर, कॉलेजात, पुढे सोयरिकीच्या बोलण्यातसुद्धा त्याचं उत्तर ठरलेलं होतं. आई कोर्टात असते. यात खोटं काही नव्हतं. ऐकणारा टायपिस्ट समजे, कारकून समजे, एखादा हुशार वकीलही समजे, आणि लेक त्याला समजू देई. बाईंनीही कधी तोंड उघडलं नाही. पोरगं शिकतंय, मित्रांत वावरतंय, राहू दे. आणि आता तोच पोरगा रविवारी चामड्याचा एप्रन बांधून चार लोकांसमोर कॉफी दाबायचा आणि लोक त्याला कौतुकाने विचारायचे, हे सगळं शिकलास कुठे? आईने पोटासाठी केलं तर लपवायचं, आणि याने हौसेसाठी केलं की मिरवायचं. या न्यायाला काय म्हणावं ते कोर्टात इतकी वर्षं काढूनही त्यांना कळलं नव्हतं.

आजचा योग सुनेने जुळवून आणला होता. “आईंना घेऊन जा की,” ती सकाळी म्हणाली. “त्यांचा जन्म गेलाय त्यात.” संध्याकाळी त्याच्या ऑफिसातली मंडळी येणार होती, त्यात त्याच्या मॅडमही होत्या, आणि नवा टॅम्पर त्याआधी हवा होता. लेकाने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, “येतेस का, आई?” बाईंनी “बघते” म्हटलं आणि पाच मिनिटांत चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

“आता बघा, मावशी,” दाढीवाला रंगात आला होता. “आधी या सुयांनी पुडीच्या गुठळ्या मोडायच्या. मग ही चकती वर ठेवून तीनदा फिरवायची. मग टॅम्पर. मग...”

“आणि प्यायची कधी? पेन्शन लागल्यावर?”

दाढीवाला मनापासून हसला. माणूस वाईट नव्हता. त्याने मॅटखाली एक वजनकाटा सरकवला, पुडीने भरलेली गाळणी तिच्या दांड्यासकट पुढे केली आणि म्हणाला, “दाबून तर बघा.”

बाईंनी मनगटाचा पट्टा सोडला. डॉक्टरांनी तो दिवसभर घालायला सांगितला होता. नऊपैकी सर्वांत साधा, नुसत्या पोलादाचा दट्ट्या त्यांनी उचलला, कोपर अंगाशी घेतलं आणि खांद्यातून भार सोडला. काट्यावर पंधरा आले. दाढीवाल्याने पूड झटकून पुन्हा भरली. पुन्हा पंधरा. तिसऱ्या वेळी तो काट्याकडे बघायच्या ऐवजी त्यांच्या हाताकडे बघत होता.

“मावशी, हे कुठे शिकलात?”

बाईंनी लेकाकडे पाहिलं. दुकानात तिघांशिवाय चिटपाखरू नव्हतं. दाढीवाला काही त्याच्या मॅडमना जाऊन सांगणार नव्हता. इथे तरी, या एका कोपऱ्यात तरी, बोलायला काय हरकत होती?

“आई कोर्टात होती,” लेक म्हणाला.

“कोर्टात?” दाढीवाल्याला काही टोटल लागेना. “कोर्टात हे कसं काय?”

लेक फोनमध्ये काहीतरी शोधू लागला. कान लाल झाले होते. लहानपणी खोडी पकडली गेली की व्हायचे तसेच.

“शिक्के मारायचे मी,” काउंटरबाई म्हणाल्या. “एकोणतीस वर्षं. कागदावर. हात बसतो.”

म्हटलं खरं, आणि तोंडाला कडू चव आली. लेकाला सावरायची सवय इतकी अंगात मुरली होती की जीभ विचारायलाही थांबली नाही. मग त्यांना राग आला, त्याचा आणि स्वतःचा, आणि रागाच्या भरात त्यांनी तो पोलादी दट्ट्या ठाणकन टेबलावर ठेवला.

“हा द्या. बाकीची खेळणी आत ठेवा.”

“हा अठ्ठावन्न मिलिमीटरचा आहे. तुमच्या मशीनच्या गाळणीचं माप काय?” दाढीवाल्याने विचारलं. “मोजून आणलंय का?”

“थांबा, कुठेतरी लिहिलेलं असेल,” लेक म्हणाला.

“मोजायचंय काय त्यात?” बाई कडाडल्या. “अठ्ठावन्नच असतो. आम्ही... मी काय आज बघते आहे?”

लेकाने फोन खिशात टाकला. कितीतरी वर्षांनी त्याने आईकडे असं पाहिलं, जसं तो त्या व्हिडिओतल्या लोकांकडे पाहायचा. “आई म्हणते तर अठ्ठावन्नच द्या,” तो म्हणाला. त्या एका वाक्यावर बाईंचा निम्मा राग विरघळला. शरमेची गोष्ट, पण विरघळला.

मॅटवरून मात्र पुन्हा जुंपली. दाढीवाल्याने तीन काढल्या. एक सपाट, एक टॅम्पर ठेवायला खळगा असलेली, आणि एक ओट्याच्या काठावरून खाली वळणारी.

“हे पायपुसणं कशाला?” बाईंनी विचारलं.

“आई, ओटा नवा आहे. पांढरा दगड आहे. कॉफी गळते ती दांड्याची चोच टेकून डाग पडतो, टवका उडतो.”

“पडू दे की. काम केल्याची खूण नको का राहायला?”

कँटीनच्या लाकडी काउंटरच्या काठाला, जिथे त्या चोच टेकवून दाबायच्या, तिथे खड्डा पडला होता. अंगठा आरामात बसेल एवढा. कोर्टातल्या वकिलांनासुद्धा तो खड्डा माहीत होता. दोन वर्षांपूर्वी बटणाचं मशीन आलं, काउंटर उखडला गेला, आणि बाईंनी तेवढी फळी मागितली तेव्हा कंत्राटदार म्हणाला, काय करणार तिचं, सगळी किडली आहे.

लेकाने काठावरून वळणारी मॅट घेतली.

संध्याकाळी पाच वाजता मंडळी आली. मॅडम आणि आणखी दोघं. टॅम्परची पेटी लेकाने मुद्दाम बंद ठेवली होती, सगळ्यांसमोर उघडायची म्हणून. बाई आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. सून त्यांच्याकडे बघून हसली. लेकाने एप्रन बांधला, मॅट पसरली, पूड दळली, सुया फिरवल्या, बियांविषयी दोन शब्द सांगितले आणि पेटी उघडली. पोलाद चमकलं. “वा,” मॅडम म्हणाल्या.

दट्ट्या गाळणीत शिरेना.

लेकाने तो थोडा फिरवला. पुन्हा टेकवला. लहान पातेल्यावर मोठं झाकण बसावं तसा तो गाळणीच्या काठावर बसून राहिला आणि आतली पूड होती तशीच. त्याने मशीनचं पुस्तक काढलं. चोपन्न. चार मिलिमीटरचा फरक, पण चार मिलिमीटर म्हणजे तिथे चार मैल.

दोघांपैकी एक जण फिस्सकन हसला. मॅडमनी हसू दाबलं.

“आईनं निवडला हो,” लेक घाईने म्हणाला. “कोर्टाच्या कँटीनमध्ये ती कॉफीच करायची ना, एकोणतीस वर्षं. तिथलं मशीन मोठं. तिला वाटलं सगळीकडे तेच माप असतं.”

आलं. शाळेच्या फॉर्मपासून जे वाक्य अडलं होतं ते आज चार माणसांत आलं, आणि आलं ते चूक कुणाच्या तरी गळ्यात बांधायला. बाईंना वाटलं होतं, हे ऐकू तेव्हा ऊर भरून येईल. तसं काही झालं नाही. लाज वाटली, आणि तीही कँटीनची नाही, मापाची. एका मशीनवर जन्म काढला आणि जगातली सगळी मशीनं तेवढीच समजून बसलो. वर मोजणाऱ्याला हसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या उठल्या. मनगटाचा पट्टा काढून त्यांनी सुनेच्या हातात दिला.

“सरक,” त्या लेकाला म्हणाल्या.

“आई, राहू दे. मी प्लॅस्टिकच्या...”

“सरक म्हटलं ना.”

त्यांनी कपाटातून जाड बुडाचे तीन छोटे ग्लास काढले आणि पूड काढून रिकाम्या केलेल्या गाळणीत एकेक उतरवून पाहिला. पहिला मोठा. दुसरा सैल. तिसरा काठाला लागून अलगद तळापर्यंत गेला. या वेळी मोजलं होतं. मग पूड भरली, दांड्याची चोच मॅटवर टेकवली, कोपर अंगाशी घेतलं आणि भार सोडला. मनगटातून कळ खांद्यापर्यंत गेली ती त्यांनी गिळली. मशीन सुरू झालं. आधी काहीच नाही, मग दोन थेंब, मग उंदराच्या शेपटीएवढी बारीक तपकिरी धार. घरात दोन महिने जो वास आला नव्हता तो आता आला.

चार कप झाले. प्रत्येक कपानंतर त्यांनी चोच पुसली, गाळणी ठोकून रिकामी केली, फडका घडी करून उजवीकडे ठेवला.

मॅडमनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला नाही. “तू तर म्हणाला होतास, आई कोर्टात होत्या,” त्या लेकाला म्हणाल्या. “मला वाटलं, वकील.”

लेक एप्रनची गाठ सोडू लागला.

“वकिलांना जागं ठेवायचं खातं माझ्याकडे होतं,” काउंटरबाई म्हणाल्या. “नाहीतर निकाल लागले असते कशाला?”

मंडळी मोकळेपणाने हसली, गप्पा दुसरीकडे वळल्या. बाईंनी पट्टा पुन्हा बांधून घेतला.

पाहुणे गेल्यावर लेक सिंकपाशी येऊन उभा राहिला. पेटी त्याच्या हातात होती.

“उद्या बदलून आणतो. चोपन्नचा.” मग पेटी ओट्यावर ठेवत, “त्या दाढीवाल्याला काय सांगू?”

“सांग की, आई कोर्टात होती,” बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. “शिक्के मारायची. तिला काय कळतंय त्यातलं?”

त्याने नळ सोडला आणि कप धुवायला घेतले, चारही, आतून-बाहेरून, आणि बराच वेळ धूत राहिला.

बाईंनी मॅटवरची पूड फडक्याने पुसली. चोच टेकवली होती तिथे त्यांनी अंगठा ठेवला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला. रबर खाली गेलं. अंगठा काढला तसं ते सावकाश वर आलं आणि होतं तसं सपाट झालं. मॅट उचलली, तर खाली ओट्याचा पांढरा दगडही तसाच होता, कोराकरकरीत. त्यांनी मॅट धुतली आणि नळावर वाळत घातली.